रिसॉर्टच्या दारातून खाडीकडे

माझी आक्का मैसूर सोडून समुद्राकाठच्या गावात शाळेत शिकवायला गेली, तेव्हा आईने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की वर्षभर काढेल आणि बदली मागून परत येईल. आक्का परत आली नाही. तिने तिथल्याच एका माणसाशी लग्न केलं. भावोजींचं घर खाडीच्या तोंडाशी होतं. थोडे माड, खाजणातली भातजमीन, एक लहान होडी. त्यांच्या घरी कोकणी, आमच्याकडे मैसूरच्या मंडी मोहल्ल्यातली मराठी. आमचे पूर्वज राजाच्या फौजेत होते म्हणतात. फौज गेली, मराठी राहिली, तीही निम्मी कन्नडात भिजलेली. त्यामुळे आई आणि भावोजी एकमेकांशी कन्नडमध्येच बोलत. जावई हात धुवायला उठले की आई मराठीत माझ्याकडे वळायची. "माणूस चांगला आहे रे. पण इतके मासे?"

गावाचं नाव मी लिहीत नाही. आधीच पुष्कळ लोकांना ते कळलंय.

मी आक्काहून बराच लहान. कॉलेजात असताना दसऱ्याची सुट्टी लागली की मी बस पकडायचो. सगळं जग दसरा बघायला मैसूरला यायचं आणि मी उलट्या दिशेने निघायचो. हुणसूरजवळ तंबाखूच्या भट्ट्यांचा गोडसर, घशाला लागणारा वास यायचा. मग घाट, कॉफीचे मळे, आणि खाली उतरलं की सदरा पाठीला चिकटायचा. मंगळूरला बस बदलून वर किनाऱ्याने जायचं.

पहिल्यांदा गेलो तेव्हा आक्का घरी नव्हती. भावोजी म्हणाले, "ती खाडीत आहे." मला वाटलं, काही अपघात झाला. तर ओहोटी लागलेली, आणि खाडीचं पाणी उतरून मध्ये चिखलाची आणि वाळूची पाठ उघडी पडलेली. गावच्या बायका कंबरभर पाण्यात बसून हाताने तळ चाचपत होत्या. त्यांच्यात माझी आक्का. जिला मैसूरला पावसात चप्पल भिजली तरी चालायचं नाही, ती कंबरेला पदर खोचून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढत होती. मला बघून ओरडली, "ये की! सुम्ने उभा काय राहिलास?" सुम्ने म्हणजे नुसतं, उगाच. मी उतरलो आणि गुडघ्यापर्यंत चिखलात रुतलो. बायका इतक्या हसल्या की दोघींच्या टोपल्या वाहून जायला लागल्या.

तिथे तिसऱ्या ही चैनीची गोष्ट नव्हती. मासळी मिळाली नाही त्या दिवशी चूल तिसऱ्यांवर चालायची. ज्या बायकांना होडी नाही, जमीन नाही, त्यांना खाडी होती. आक्काला पगार होता, तिला तशी गरज नव्हती. पण सासूने तिला पहिल्याच वर्षी पाण्यात नेलं, आणि सासू गेल्यावरही ती जात राहिली. शाळेची वेळ आणि ओहोटी जुळली नाही की चिडचिड करायची.

मी पुढे मैसूरला स्टेशनजवळच्या एका हॉटेलात रिसेप्शनवर लागलो. तेव्हापासून माझं सगळं आयुष्य प्रवासी लोकांच्या प्रश्नांवर चाललंय. राजवाडा किती वाजता उघडतो, चंदनाचं तेल खरं कुठे मिळेल, टेकडीवर पायऱ्यांनी जावं की गाडीने. आणि मैसूर बघून झालं की हटकून एक प्रश्न यायचा. "इथून समुद्राकडे जायचंय. गर्दी नसलेला एखादा किनारा सांगा ना." मी नेहमीचे दोन-तीन किनारे सांगायचो. खाडीचं ते गाव जिभेवर यायचं, मी गिळून टाकायचो. का, ते तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं. चांगली जागा लपवून ठेवण्याचा मोह एवढंच असेल.

माझ्या लपवण्याने काय होणार होतं? रेल्वे आली, हमरस्ता रुंद झाला, लोक आपोआप पोचले. आधी पाठीवर पिशव्या घेतलेली मुलं आली. भावोजींनी त्यांना पडवीतली खोली दिली. आक्का त्यांना तांदळाची भाकरी आणि तिसऱ्यांचं सुकं करून घालायची. ते दिवस वाईट नव्हते. भावोजी म्हणायचे, "पाहुणे बरे. परत तरी जातात." मग शेजारची माडांची मोठी वाडी विकली गेली. तिचे मालक बेंगळूरला राहत, त्यांना गावाचं काही सोयरसुतक नव्हतं. तिथे रिसॉर्ट उभं राहिलं. कौलारू खोल्या, पोहण्याचा निळा तलाव, खाडीच्या बाजूला लाकडी सज्जा. समुद्र हाकेवर असताना पोहायला तलाव कशाला, हे गावात बरेच दिवस कुणाला कळलं नाही.

माझ्या भाचीला तिथे रिसेप्शनवर नोकरी लागली. आक्काची ही एकुलती एक मुलगी. सुट्टीत मैसूरला येऊन ती माझ्या काउंटरच्या मागे स्टूल टाकून बसायची. रागावलेल्या माणसाशी कसं बोलायचं, हसताना किती हसायचं, हे मीच तिला शिकवलं होतं. तिची नोकरी लागली म्हणून आक्काने पेढे वाटले. रिसॉर्टच्या धुलाईघराचा पाइप खाडीत सोडलाय, हे तिने फोनवर त्याच दमात सांगितलं. "साबणाचा फेस येतो रे पाण्यावर. पोरीला म्हटलं, सांग तुझ्या साहेबांना. ती म्हणते, आई, मला लागून महिना नाही झाला."

त्यानंतर पुलाच्या पलीकडे कारखाना आला. मासळी उकडून तिची पूड आणि तेल काढण्याचा. कोंबड्यांना, कोळंबीला खायला घालतात ती पूड. गावात आधी आनंदच झाला. तारली कितीही आणा, सगळी घेतो म्हणाला कारखाना. मोठ्या ट्रॉलरवाल्यांनी खरंच सगळी आणली, बोटाएवढीसुद्धा. ज्या बायका तारली वाळवून बाजारात विकायच्या, त्यांना बंदरावर टोपलीभर मासळी मिळेनाशी झाली. आणि वास. मासळीच्या वासाची गावाला सवय होती, पण हा वास वेगळा होता. आक्का म्हणायची, कपड्यांच्या घडीत शिरतो, भातात शिरतो, वर्गात मुलं नाकाला रुमाल लावून पाढे म्हणतात. पाऊस झाला की कारखान्याच्या मागच्या खड्ड्यातलं पाणी ओढ्याला मिळायचं आणि ओढा खाडीला. कडेच्या दोन विहिरींचं पाणी प्यायचं बंद झालं.

त्या वर्षांत आक्काचा फोन बहुतेक माझ्या कामाच्या वेळेतच यायचा. मी काउंटरवर उभा. समोर पाहुणे चाव्या मागताहेत. कानात आक्का खोकतेय. बोलणं संपलं की मला एका जागी उभं राहवायचं नाही. मी उगाच लॉबीतल्या खुर्च्या सरळ करायचो, सरळ केलेल्या पुन्हा हलवायचो. घरी बायको म्हणायची, "अहो, बसा ना घडीभर." बसलो की मला वाटायचं, तिकडे काहीतरी होतंय आणि मी इथे बसलोय.

कारखान्याविरुद्ध गाव उठलं तेव्हा सगळ्यात पुढे दोघं होती. एक माझी आक्का आणि दुसरे रिसॉर्टचे मालक. वासामुळे त्यांच्या खोल्या रिकाम्या राहत होत्या. ते आपल्या गाडीतून आक्काला तालुक्याला न्यायचे, जिल्ह्याला न्यायचे. सभेत ते छान बोलायचे. "ही खाडी सगळ्यांची आहे," म्हणायचे. भावोजींना हे पटत नव्हतं. ते मला फोनवर म्हणाले, "तुमची आक्का त्या माणसाच्या गाडीत बसते, त्याच्या धुलाईचा पाइप विसरते का?" मी आक्काला विचारलं. ती म्हणाली, "विसरत नाही. पण एका वेळी दोघांशी भांडायचं माझ्याच्यानं आगत नाही रे, होत नाही. आधी मोठा वास जाऊ दे."

मोठा वास गेला. अधिकारी आले, पाण्याचे नमुने घेतले, कारखान्याला टाळं लागलं. पण तोवर आक्काची छाती पार बिघडली होती. डॉक्टरांनी हवा बदलायला सांगितलं, आणि मी जाऊन तिला मैसूरला घेऊन आलो.

आई तेव्हा होती. लेक इतक्या वर्षांनी माहेरपणाला राहणार म्हणून तिने खोली झाडून घेतली, नवी चादर घातली. आक्का आठवडाभर झोपली आणि नंतर तिचे हाल सुरू झाले. पहाटे उठून खिडकीशी उभी राहायची. मी विचारलं तर म्हणायची, "काही नाही. आत्ता ओहोटी असेल." मंडईत जाऊन मासळी उलटीपालटी करून बघायची आणि विकणाऱ्यालाच सांगायची की ही कालचीसुद्धा नाही. आई वैतागायची. "अगं, हवा किती चांगली आहे इथली. सुम्ने बस ना." आक्का बसायची आणि बसल्या बसल्या पायाची बोटं हलवत राहायची. मला ते बघवायचं नाही, कारण मीही तसाच होतो.

एक दिवस दुपारी भाचीचा फोन आला. तिने आईला न बोलावता मला फोनवर बोलावलं. "मामा, इकडे भिंत घालतायत."

"कुठे?"

"रस्त्यापासून पार सज्ज्यापर्यंत. पायवाट आत गेली. आईला आत्ताच सांगू नका."

खाडीकडे जायची पायवाट त्या वाडीच्या कडेने जायची. वाडी कुणाचीही असो, वाट गावाची होती. रिसॉर्टने कारखाना बंद झाल्यावर नव्या खोल्या काढल्या आणि त्यांच्याभोवती भिंत घातली. आता पाण्याशी पोचायला पुलावरून वळसा घालून जावं लागणार होतं, आणि तेवढ्या वेळात ओहोटी संपून पाणी भरायला लागणार होतं. मी आक्काला लगेच सांगितलं. लपवायला मला जमलंच नसतं, तिने माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं असतं. ती उठली. आत जाऊन पिशवी भरायला लागली. आईने तिचा हात धरला, "अजून खोकतेस की गं." आक्काने हात सोडवून घेतला नाही, पण दुसऱ्या हाताने साडी पिशवीत घातली.

ती गेली त्यानंतर काही आठवडे तिचा फोन जेमतेम यायचा. बरी आहे, खोकला कमी आहे, शाळा चालू आहे. भिंतीचं विचारलं की म्हणायची, "बघतोय आम्ही."

मग आमच्या हॉटेलात एक जोडपं उतरलं. किनाऱ्यावरून मैसूरला आलेलं, उत्साही. काउंटरवर चावी घेताना बाई मला फोनमधले फोटो दाखवायला लागल्या. निळा तलाव, लाकडी सज्जा. मी ओळखलं. आणि पुढच्या फोटोत रिसॉर्टची लॉबी, चकचकीत फरशी, पितळेची पसरट उरळी, त्यात तरंगणारी फुलं. तिच्या बाजूने चिखलाने माखलेल्या पायांच्या सात-आठ बायका ओळीने चाललेल्या. डोक्यावर टोपल्या, टोपल्यांतून पाणी गळतंय. सगळ्यात पुढे आक्का.

"रोज सकाळी जातात," त्या बाई म्हणाल्या. "किती अस्सल, नाही? आम्हाला वाटलं, हॉटेलनेच ठेवलंय पाहुण्यांसाठी."

"ती माझी बहीण आहे," मी म्हणालो.

त्यांना ती गंमत वाटली. हसल्या. मी हसलो नाही, तेव्हा थांबल्या आणि फोन खाली घेतला. त्यांच्या नवऱ्याने सामान उचललं. मला त्यांचा राग आला नव्हता, त्यांना काय माहीत असणार? पण मी नोंदवही मिटून ठेवली. त्या संध्याकाळी मी मालकांकडून रजा मागून घेतली.

सकाळी गावात उतरलो तो थेट रिसॉर्टच्या दारात गेलो. भाची काउंटरवर होती. निळी साडी, गळ्यात नावाची पट्टी. मला बघून तिने मान हलवली आणि डोळ्यांनीच खुर्ची दाखवली. मी पाहुण्यासारखा बसलो. तिने पाण्याचा ग्लास आणून समोर ठेवला आणि हळूच म्हणाली, "मामा, आज मॅनेजर दारात उभे राहणार आहेत. मला म्हणाले, आईला तूच थांबव. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

"मग?"

"मला काही सुचत नाहीये."

मीच तिला शिकवलं होतं की काउंटरच्या मागे असताना सुचत नाही असं कधी दाखवायचं नाही. तिने पदर नीट केला आणि परत जागेवर जाऊन उभी राहिली. 

बायका रस्त्याच्या बाजूने आल्या. आज टोपल्या रिकाम्या होत्या, पाण्याकडे निघालेल्या. दरवाजा काचेचा, एकच झडप उघडलेली. त्यात मॅनेजर उभे. तरुण होते, घामाने त्यांची कॉलर भिजली होती. मला ते वाईट माणूस वाटले नाहीत. ते कन्नडमध्ये म्हणाले, "मेडम, आज नको. मागच्या बाजूने जा."

आक्का म्हणाली, "मागे तुमची भिंत आहे."

"मला वरून सांगितलंय."

"मग वरच्यांना बोलवा. आम्ही थांबतो. पण पाणी थांबणार नाही, तेव्हा लवकर बोलवा."

पाहुणे नाश्ता करताना मागे वळून बघायला लागले. एकाने फोन वर धरला. मॅनेजर भाचीकडे वळले. "सांगा ना तुमच्या आईला."

भाची काउंटरमधून बाहेर आली. फरशीवर तिच्या सँडलचा आवाज येत होता. ती दारापाशी आली, आईकडे तिने बघितलं नाही. खाली वाकून दुसऱ्या झडपेची कडी काढली आणि दार पूर्ण उघडून धरून उभी राहिली. "या," म्हणाली. एवढंच. आक्का तिच्या अगदी जवळून गेली. जाताना मुलीच्या दंडाला तिचा हात लागला, की तिने मुद्दाम लावला, ते मला दिसलं नाही. बाकीच्या बायका मागोमाग. शेवटची म्हातारी मॅनेजरांना म्हणाली, "बाळा, तू बाजूला हो, पाय घसरेल." ते बाजूला झाले.

दुपारी रिसॉर्टचे मालक स्वतः आक्काच्या घरी आले. पडवीत बसले. भावोजींनी त्यांना शहाळं फोडून दिलं, पण शेजारी बसले नाहीत, उभेच राहिले. मालक म्हणाले, "बाई, आपण एकत्र लढलो. तुम्ही तरी समजून घ्या. पाहुण्यांच्या तक्रारी येतात."

"तक्रारी कुठे येतात? फोटो काढतात," भावोजी मागून म्हणाले.

आक्का म्हणाली, "तुम्हीच सभेत म्हणालात, खाडी सगळ्यांची. मी तेवढंच धरून आहे. आणि तुमचा धुलाईचा पाइप. तो मी तेव्हा बोलले नाही. आता बोलते."

ते शहाळं न संपवता उठले.

भाचीला कुणी काढलं नाही. मात्र तिला काउंटरवरून हलवून आतल्या भांडारात बसवलं. तिने दोन महिने काढले आणि मंगळूरच्या एका हॉटेलात नोकरी धरली. जाताना ती आईवर रागावलेली होती की स्वतःवर, तिलाही सांगता येत नव्हतं. मला फोनवर म्हणाली, "मामा, दार मी उघडलं ते बरोबरच होतं. पण मला ती नोकरी आवडायची हो." मी म्हटलं, हो, मला माहीत आहे. आक्का या विषयावर आजही बोलत नाही. मुलगी घरी आली की तिच्या ताटात जास्तच वाढते.

पंचायतीने जमीन मोजून घेतली. वाट गावाची निघाली. रिसॉर्टला भिंत थोडी आत घ्यावी लागली. आता भिंत आणि रिसॉर्टचा जनरेटर यांच्यामध्ये एक बोळ आहे. एका वेळी एकच जण जाईल एवढा. जनरेटर चालू असला की गरम झोत अंगावर येतो, बायका पदर नाकाला लावून पळत पार करतात. धुलाईचा पाइप बंद झाला असं कागदावर आहे. खरं तर तो आता पाण्याखालून जातो असं भावोजी म्हणतात, मी तो पाहिलेला नाही. कारखाना वर्षभराने पुन्हा सुरू झाला. चिमणी उंच केली, मागचा खड्डा झाकला. वास आधीइतका नाही. वारा पुलाकडून असेल त्या दिवशीच येतो.

आई गेल्यावर मी आक्काला म्हटलं, खोली तशीच आहे, चादरही तीच घालतो, आता रिटायर झालीस, ये. तिने नकार दिला नाही, हो पण म्हटलं नाही. म्हणाली, "तलेबिसी नको करून घेऊस." म्हणजे डोक्याला ताप नको करून घेऊस. मी करून घेतोच.

मागच्या हिवाळ्यात गेलो होतो. तिच्याबरोबर त्या बोळातून गेलो आणि पाण्यात उतरलो. आता मला रुतायला होत नाही, पाय कुठे टाकायचा ते कळतं. तिसऱ्या कमी लागल्या, ज्या लागल्या त्या बारीक. आक्का बोटांनी चाचपून बारीक तिसऱ्या परत सोडत होती. शेजारच्या बाईने सोडल्या नाहीत, आणि आक्का तिला काही बोलली नाही. त्या बाईच्या घरी तारलीच्या धंद्यावर चालणारी चूल आता कशावर चालते, ते तिला माहीत होतं. पलीकडे सज्ज्यावर पाहुणे चहा पीत बसले होते. कुणीतरी हात हलवला. आक्कानेही हलवला.

"उद्या अमावास्या," ती म्हणाली. "पाणी आणखी उतरेल. लांबच्या वाळूच्या दांड्यापर्यंत जाता येईल. राहतोस?"

माझी परतीची बस संध्याकाळची होती. हॉटेलात माणूस कमी होता. मी काठावर येऊन ओल्या हातांनीच फोन लावला आणि रजा वाढवून घेतली.

सूर्य मावळायच्या सुमारास वारा फिरला आणि पुलाकडून यायला लागला. भावोजी जेवणाचं पान वाढून घेत होते. ते उठले आणि पुढच्या खोलीच्या खिडक्या लावायला लागले. मीही उठलो आणि स्वयंपाकघरातल्या लावल्या.